चार मिनिटांचं माप

“तेरा नंबरचा पाना सापडत नाही,” तेरा नंबर म्हणाले.

हे नाव त्यांना त्या पान्यावरूनच पडलं होतं. बसच्या डेपोत ते पस्तीस वर्षं मेकॅनिक होते आणि नट कुठलाही असो, त्यांचा हात आधी तेरा नंबरच्या पान्याकडे जायचा. बाबांनी त्यांना हे नाव ठेवलं. त्यांनी बदला म्हणून बाबांना ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली. चाळीस वर्षं दोघे एकमेकांना याच नावांनी हाका मारत राहिले. बाबा डॉक्टर नव्हते. ते कवळ्या करायचे.

“काका, सकाळपासून तिसऱ्यांदा शोधताय. चार वाजता ते गृहस्थ येणार आहेत.”

“येऊ देत की. बसतील जरा. मोटारसायकल काय पळून चाललीये?”

आम्ही घरामागच्या बाबांच्या खोलीत होतो. खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल, त्याच्या फटींत बसलेला प्लास्टरचा पांढरा भुगा, मेण कोरायच्या सुऱ्या, पॉलिशची मोटर. वरच्या फळीवर कुणाकुणाचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. लहानपणी मला वाटायचं, ही सगळी माणसं एकदमच काहीतरी सांगायला निघाली होती आणि मध्येच थांबली. आणि खोलीच्या मधोमध, लाकडी घोडीवर, लाल इटालियन मोटारसायकल. एकाच सिलिंडरची, बुटकी, लांबट टाकीची. उभी असतानाही पळत असल्यासारखी पुढे झुकलेली. वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त.

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. आठवडाभराचं आजारपण, तेही बहुतेक झोपेत. त्यानंतर आईने एकदाच या खोलीचं दार उघडलं, मोटारसायकलवर जुनी चादर टाकली आणि दार लावून घेतलं. महिन्यापूर्वी तिने मला फोन केला. “ती गाडी कुणाला तरी देऊन टाक गं. चादरीखाली कुणी झोपल्यासारखं दिसतं. दळणाचा डबा काढायला गेले की दचकायला होतं मला.”

जुन्या गाड्या जमवणारे एक निवृत्त गृहस्थ ओळखीतून मिळाले. गेल्या रविवारी ते पाहून गेले. खिशातून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढून त्यांनी टाकीवरून हलकेच फिरवला. पत्र्यावर कुठे भराव घातला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही म्हणे. टाकीवर तो सगळीकडे चिकटला. त्यांनी मान डोलावली. मग खाली बसून, उठून, चष्मा वर करून पाहत राहिले. त्यांची एकच अट होती. हँडल, सीट, फूटरेस्ट आणि क्लचचा लिव्हर या चार गोष्टी बाबांनी बदललेल्या होत्या. मूळच्या चारही असतील आणि आम्ही त्या बसवून देणार असू, तर ते गाडी घेऊन जातील.

“इतकं नेमकं काम केलेला माणूस शेवटी असं का करेल, कळत नाही,” ते म्हणाले. आणि जाता जाता क्लचचा लिव्हर हातात धरून थांबले. “वडिलांचे हात फार लहान होते का हो?”

मी “नाही” म्हणाले. आणखी काही बोलायच्या आत त्यांनी रुमाल खिशात घातला आणि ते निघाले.

मागून आई म्हणाली, “यांचे हात? फावडी होती नुसती. लग्न झालं त्या वर्षी मापाचे हातमोजे मिळाले नाहीत म्हणून थंडीभर खिशात हात घालून हिंडले.”

तो प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यात राहिला. दातात काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जावी, तसा.

*

मोटारसायकल बारा वर्षांपूर्वी आली. बाबा ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त कवळ्या करायचे ते दंतवैद्य दवाखाना बंद करून मुलाकडे निघाले होते. त्यांच्या गॅरेजमध्ये, गाद्यांच्या ढिगाखाली ती होती. तरुणपणी हौसेने घेतलेली आणि मग तशीच पडलेली. “तुला काय हवं ते ने,” असं ते दंतवैद्य म्हणाले. बाबांनी खुर्ची न्यावी, भट्टी न्यावी, अशी आईची अपेक्षा. संध्याकाळी ते आणि तेरा नंबर टेम्पोतून हा गंजाचा सांगाडा घेऊन उतरले.

“हे काय?” आई दारातच उभी.

“इटालियन आहे,” बाबा म्हणाले. यापेक्षा जास्त खुलासा त्यांनी कधीच केला नाही.

त्यांनी ती शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवली, आणि प्रत्येक सुट्या भागाला आपल्या कामातली चिठ्ठी बांधली. दवाखान्यातून जबड्याचं माप आलं की त्याच्यासोबत अशी छापील चिठ्ठी यायची. रुग्ण, वय, दातांची छटा, शेरा. बाबांच्या बारीक, सरळ अक्षरात त्या चिठ्ठ्या अजून डब्यांतून होत्या. ‘रुग्ण : कार्ब्युरेटर. वय : ४०. छटा : हिरवट. शेरा : श्वास लागतो.’ ‘रुग्ण : मागचा ब्रेक. शेरा : आहे म्हणायचं.’ जो भाग मिळत नसे तो ते मेणात कोरायचे, आणि तेरा नंबर तो साचा त्यांच्या ओळखीच्या ओतकामवाल्याकडे घेऊन जायचे. गंजून गेलेल्या एका झाकणाचा अर्धाच तुकडा उरला होता. उरलेला अर्धा बाबांनी उरलेल्या दातांवरून पडलेला दात ताडावा तसा ताडला.

नऊ वर्षांनी ती सुरू झाली. मी तेव्हा दुसऱ्या शहरात, माझ्या ग्रंथालयात होते. आईने फोन खिडकीबाहेर धरून मला आवाज ऐकवला. “हे ऐक. शेजारच्यांनी भांडी खाली ठेवली.” मागून तेरा नंबर ओरडत होते, “उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक! इटालियन माणूस डोक्याने उलटाच!” बाबांचा आवाज आला नाही. ते हसत असणार. हसले की ते आवाज करत नसत. दिवसभर दुसऱ्यांचं हसू घासूनपुसून देणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं हसू फक्त डोळ्यांत असायचं.

त्यांना कुणी ओळखत नसे. लोक दात दाखवून सांगायचे, “डॉक्टरांनी काय सुंदर केलेत!” श्रेय दंतवैद्यांना जायचं, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. ते मात्र सगळ्यांना ओळखायचे. एखाद्या समारंभात लांबच्या टेबलावर कुणी खळखळून हसलं की मला कोपराने ढोसायचे. “ते बघ. आपले दात.” एकदा एका पोलिसाने आम्हाला अडवलं तर बाबा कागद दाखवायचे सोडून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “वरची सैल झालीये. पाठवून द्या, बसवून देतो.” आम्ही तसेच सुटलो.

कवळीच्या बाबतीत त्यांचं एकच म्हणणं होतं. तोंडाने दातांशी जुळवून घेता कामा नये, दातांनी तोंडाशी जुळवून घ्यायचं. त्यासाठी माप चांगलं हवं. आणि माप म्हणजे चार मिनिटं. दोन डब्यांतले दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, रंग एक झाला की दाबायचे आणि चार मिनिटं हलायचं नाही. कधी दवाखान्याऐवजी बाबाच घरी माप घेत असले आणि कुणी आलं तर आई दारातच अडवायची. “बसा जरा. आत माप चालू आहे.” मग येणाराही आपोआप हळू आवाजात बोलायचा.

*

“बारा वर्षांतली नऊ वर्षं घासून घासून मूळ केली,” तेरा नंबर खोक्यात हात घालून म्हणाले, “आणि मग एक दिवस ह्याने करवत काढली. सीट कापली. मी पंधरा दिवस बोललो नव्हतो डॉक्टरशी.”

“मग सोळाव्या दिवशी?”

“सोळाव्या दिवशी…” त्यांनी खोक्यातून काहीतरी उचललं. “सापडला की पाना. छे, हा बारा नंबर.”

मूळचे भाग बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात आणि त्यामागच्या पोत्यात होते. प्रत्येक भाग तेलाच्या कागदात गुंडाळलेला, प्रत्येकाला चिठ्ठी. ‘रुग्ण : हँडल, मूळ. शेरा : दात काढले तरी टाकायचे नसतात.’ मी एकेक उलगडून टेबलावर मांडत होते. मूळचं हँडल आत्ताच्यापेक्षा चांगलं दोन बोटं खाली वाकलेलं. मूळची सीट उंच आणि रुंद. मूळच्या क्लचचा लिव्हर मी उचलला. सरळ, जाड, लांब. मग गाडीवरचा पाहिला. तो मुठीकडे वाकवलेला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला चार उथळ खळगे होते. फारसे लक्षात न येणारे. हात लावला तरच कळणारे.

मी हात लावला नाही.

लावला नाही, कारण त्या क्षणी मला एक दुपार आठवली. बावीस वर्षांपूर्वीची.

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला मोटारसायकल शिकायची होती. का, ते मला आता नीट सांगता येणार नाही. मी त्या काळात जे वाचत होते त्यातली माणसं सारखी कुठेतरी निघालेली असायची. बाबांनी आजवर मला कशालाच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. याला म्हणाले. मी दोन दिवस जेवणाच्या ताटावर नुसती बसून राहिले, तेव्हा त्यांनी मला अंगणात तेरा नंबरांच्या गाडीवर बसवलं.

“धर क्लच.”

मी धरायला गेले. बोटांची टोकं लिव्हरला नुसती घासली. माझे हात आईवर गेलेत, बाहुलीसारखे.

“पोचतात का बोटं?”

“थोडी पुढे सरकले तर…”

“पोचतात का?”

“नाही.”

“मग विषय संपला,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

तेरा नंबर काका तेव्हा माझ्याकडे न बघता गाडीचा आरसा पुसत होते. मी घरात गेले, एक जाडजूड कादंबरी काढली आणि तीन दिवसांत संपवली. नंतर तो विषय मी काढला नाही. राग वगैरे नव्हता. विसरले, असंच म्हणेन.

“काका,” मी म्हणाले.

“हं.”

“तेरा नंबरचा पाना तुमच्या मागच्या खिशात आहे.”

त्यांनी मागे हात नेला. पाना खिशातून चांगला वीतभर वर आलेला होता, सकाळपासून.

“हात्तिच्या,” ते म्हणाले. पण पाना काढला नाही. “वय झालं बघ.”

“आणि गाडीवरच्या या चार भागांच्या चिठ्ठ्या कुठायत? या घरात बूच जरी असलं तरी त्याला चिठ्ठी आहे.”

ते स्टुलावर बसले. बराच वेळ हाताचं ग्रीस फडक्याला पुसत राहिले. फडकंच जास्त काळं होतं.

“माझ्याकडून शब्द घेतला होता त्याने. पूर्ण होईपर्यंत पोरीजवळ बोलायचं नाही. आता पूर्ण कुठं झालं? मग मी बोलायचं की नाही बोलायचं, तूच सांग. सात महिने झोप नाही मला.” त्यांनी शर्टाच्या खिशातून चार चिठ्ठ्या काढल्या. दोरे अजून लोंबत होते. “सकाळी तू यायच्या आत तोडल्या. म्हटलं, गाडी जायचीच आहे तर कशाला उगाच… वाच. मला काही विचारू नकोस.”

पहिली फूटरेस्टची. ‘रुग्ण : पोरगी. वय : १९. छटा : —. शेरा : पाय टेकले पाहिजेत. दोन्ही.’

दुसरी सीटची. ‘रुग्ण : तीच. शेरा : उंचीला आईवर गेली आहे. वहिनींना टेबलावर उभे करून माप घेतले.’ वहिनी म्हणजे आई. हे अक्षर बाबांचं, पण मजकूर तेरा नंबरांनी सांगितलेला असणार.

तिसरी हँडलची. ‘रुग्ण : तीच. शेरा : पाठ दुखते, आईला फोनवर सांगत होती. दोन बोटे वर.’

चौथी लिव्हरची होती. वय तिथेही एकोणीसच. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं :

‘माप हललेले. चौथे बोट चुकले. ती आली की पुन्हा घेणे.’

*

मागच्या वर्षी मी चार दिवस घरी आले होते. लॅपटॉप घेऊन, अर्थात. ग्रंथालयातल्या पुस्तकांची नवी यादी संगणकावर चढत होती आणि माझे फोन थांबत नव्हते. बाबा दाराशी येऊन उभे राहिले.

“दोन मिनिटं आहेत का?”

“बोला ना.”

“डावा हात दे.”

त्यांनी मला याच टेबलाशी आणलं. पकडीत पाइपचा एक तुकडा अडकवला होता आणि त्याच्यासमोर, बोटभर अंतरावर, एक लाकडी पट्टी. पट्टीवर मळलेला निळसर गोळा चढवलेला. “अंगठा मागे. चार बोटं यावर. घट्ट नको. कपाचा कान धरतेस तशी.”

“कशाचं माप आहे हे?”

“आहे एका पेशंटचं.”

मी हसले. गोळा गार होता आणि हळूहळू कोमट होत होता. बाबा घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या कानामागे पेन्सिल होती, आणि ते मी लहान असताना दिसायचे तसेच दिसत होते, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी काही पाहिलं नाही. खिशातला फोन वाजला. उजव्या हाताने काढला, तर कार्यालयातून होता.

“अजून दोन मिनिटं,” बाबा म्हणाले.

“बाबा, घ्यायलाच हवा हा.” मी हात ओढून घेतला. गोळा ताणला गेला, मग फट्कन सुटला.

“जा, जा. झालं,” ते म्हणाले.

फोन संपेपर्यंत जेवायची वेळ झाली होती. त्यानंतर तीन दिवस मी तिथेच होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना मागायची सवय नव्हती, आणि मला देण्यासारखं काही राहिलंय असं वाटलं नव्हतं.

*

“लिव्हर ओतून आणला तेव्हाच म्हणाला,” तेरा नंबर सांगत होते, “की चौथं बोट जागेवर नाही. मी म्हटलं, डॉक्टर, चौथ्या बोटाने कोण क्लच दाबतं? तर मला म्हणाला, कवळी एका ठिकाणी टोचली तरी माणूस काढूनच ठेवतो.” त्यांनी डोळे फडक्याने पुसले आणि कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला. “म्हणायचा, तेव्हा तिची बोटं पोचली नाहीत, तर मी लिव्हर बदलायचा सोडून पोरीलाच नाही म्हणालो. माझा धंदा काय आणि मी केलं काय, असं.”

दारात आई उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. तिच्या हातात तीन कप होते आणि ती ते खाली ठेवायचं विसरली होती.

“यांनी कधी सांगितलं नाही मला,” ती म्हणाली. मग टेबलाकडे बघून, “टेबलावर उभी केली होती मला. मापपट्टी घेऊन. मला वाटलं, पडदे करायचेत.”

मी मूळचा लिव्हर तेलाच्या कागदात गुंडाळला. मग सीट. मग हँडल. एकेक करून सगळं होतं तसं ठेवलं.

“डबा बंद करा, काका.”

त्यांनी झाकण लावलं आणि वरून मूठ आपटली.

फळीवर दोन डबे होते, एक पांढरा, एक निळा. झाकणं घट्ट बसली होती. तेरा नंबरांनी ती उघडून दिली. मी दोन्हींतून सारखे गोळे घेतले आणि मळायला लागले. लहानपणी बाबा मला उरलेला गोळा खेळायला द्यायचे, त्यामुळे हातांना माहीत होतं. पांढऱ्यात निळ्या रेघा, मग कमी रेघा, मग एकच फिकट रंग. तो मी गाडीच्या लिव्हरवर चढवला, चारही खळगे बुजतील असा.

मग मी गाडीवर बसले. याआधी कधी बसले नव्हते. पाय न शोधता फूटरेस्टवर गेले. पाठीला वाकावं लागलं, पण दुखेल इतकं नाही. समोर खिडकी होती, आणि खिडकीबाहेर शेजारच्यांनी वाळत घातलेले उशांचे अभ्रे. मी डावा हात पुढे केला. अंगठा मागे. चार बोटं वर. घट्ट नाही.

“लाव घड्याळ,” आई तेरा नंबरांना म्हणाली.

त्यांनी मनगटावरून घड्याळ काढून तळहातावर धरलं. गोळा आधी गार होता. फळीवरचे जबडे आपले थांबले होते तसेच थांबले होते.

पुढच्या दाराची घंटा वाजली. चारला दहा मिनिटं कमी होती. ते गृहस्थ वेळेच्या आधी येणाऱ्यांतले असणार. माझं बोट हललं नाही. आईने कप टेबलावर ठेवले, पदर सारखा केला आणि ती पुढे गेली. दार उघडल्याचा आवाज आला. चपला काढल्याचा. मग तिचा, अगदी पूर्वीचा आवाज.

“बसा जरा. आत माप चालू आहे.”

ते काहीतरी म्हणाले, हळू आवाजात.

गोळा कोमट झाला, मग हाताइतकीच ऊब धरून राहिला, आणि बोटं कुठे संपतात ते कळेनासं झालं. चार मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार. काकांनी घड्याळ मुठीत मिटून खिशात ठेवलं, पण ‘झालं’ म्हणाले नाहीत. मीही हात काढला नाही.